सेवेची वर्षं की हातचं काम: पगार कशावर ठरावा?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. भोसरीत तुमचं मशीनिंगचं युनिट आहे, माणसं साठच्या आसपास. 17 वर्षं झालेल्या जुन्या ऑपरेटरचा पगार 33,000. तीन वर्षांपूर्वी आयटीआय करून आलेला मुलगा व्हीएमसीवर, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या उभ्या मिलिंग मशीनवर, त्याच्याइतकेच, कधी कधी जास्तच नग काढतो आणि त्याला मिळतात 19,500. त्या मुलाने चाकणला दुसरीकडे बोलणी सुरू केली आहेत. तुमचे अकाउंटंट म्हणतात, दरवर्षीचं इन्क्रिमेंट बंद करा आणि सगळ्यांना नगावर पैसे द्या. जुनी माणसं म्हणतात, पडत्या काळात आम्ही थांबलो म्हणून शॉप चालू राहिलं, त्या वर्षांना काही किंमत आहे की नाही? आणि तुम्ही विचारता, यातलं बरोबर कोण.

पिंपरी-चिंचवड, रांजणगाव आणि साताऱ्याच्या एमआयडीसीत मिळून 29 वर्षं मी पर्सोनेल खात्यात होतो. 11 वेतन करारांना व्यवस्थापनाच्या बाजूने बसलो आहे. माझं उत्तर असं: त्या मुलाचा पगार याच महिन्यात वाढवा, पण जुन्यांचं इन्क्रिमेंट कापून तो पैसा उभा करू नका. नगावरचा पगार तर आत्ता लावूच नका. तुमच्याकडे काम मोजण्याची सगळ्यांना मान्य असलेली पद्धत नाही आणि ती नसताना कामगिरीवर पगार लावला की शॉप सहा महिन्यांत फाटतं. हे मी होताना पाहिलं आहे.

आधी जुन्या माणसाचं पाहू. त्याचे 33,000 म्हणजे आज त्याने केलेल्या आठ तासांची किंमत, असं धरून तुम्ही हिशोब मांडलाय. तो 2008 साली लागला. त्या वर्षीच मंदी आली, कित्येक शॉपमध्ये आठवड्यातले दोन-तीन दिवस मशीन बंद असायची. तेव्हा त्याला मिळत होतं त्यापेक्षा त्याचं काम जास्त किमतीचं होतं. अंगात जोर होता, डोळा तीक्ष्ण होता, रात्रपाळीला तक्रार नव्हती. आज देतो ते थोडं कमी, पुढे वाढवत नेऊ, हे तुम्ही त्याला तोंडाने सांगितलं नसेल, पण दरवर्षी एप्रिलमध्ये इन्क्रिमेंटचं पत्र देऊन तेच सांगत आलात. एडवर्ड लेझिअर या अमेरिकी अर्थतज्ज्ञाने 1979 मध्ये हे नीट मांडलं: माणूस तरुण असताना त्याच्या कामाच्या किमतीपेक्षा कमी द्यायचं आणि वय झाल्यावर जास्त, म्हणजे तो टिकतो आणि मन लावून काम करतो. आयुष्यभराचा हिशोब जुळतो. पण मालकाने मधेच नियम बदलला, तर माणसाचा पहिला हप्ता भरून झालेला असतो आणि परतफेडीच्या वेळी दुकान बंद. जुने चिडतात ते या जागी. त्यांना लोभी म्हणू नका.

आपला कायदाही याच धारणेवर उभा आहे. ग्रॅच्युइटी घ्या. सेवेच्या प्रत्येक वर्षाला 15 दिवसांचा पगार, तोही शेवटच्या पगारावर आणि महिन्याचे 26 दिवस धरून. शेवटचं बेसिक अधिक डीए 26,000 असेल तर वर्षाला 15,000, वीस वर्षांचे तीन लाख. पहिल्या वर्षाची ग्रॅच्युइटीसुद्धा शेवटच्या पगाराने मोजली जाते. कपातीची वेळ आली तर त्या वर्गातला शेवटी आलेला आधी जातो; औद्योगिक विवाद कायद्याचं कलम 25-जी हेच सांगत होतं आणि आता औद्योगिक संबंध संहिताही तेच सांगते. सरकारी नोकरीत सातव्या वेतन आयोगाने वर्षाला 3 टक्के वाढ ठेवली. बाकी काहीही झालं नाही, तरी एवढ्यावर मूळ वेतन 24 वर्षांत दुप्पट होतं.

आणि वर्षांबरोबर घरही वाढतं. 1957 साली पंधराव्या भारतीय श्रम परिषदेने किमान वेतनाचं सूत्र ठरवलं तेव्हा एकट्या कामगाराचं पोट धरलं नाही, नवरा, बायको आणि दोन मुलं मिळून तीन मोठ्या माणसांइतकं खाणं धरलं. माणशी 2,700 उष्मांक, चौघांच्या घराला वर्षाला 72 वार कापड, घरभाडं, शिवाय सरपण-दिवाबत्ती आणि इतर खर्चाला 20 टक्के. पुढे रेप्टाकोस ब्रेट कंपनीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने त्यावर मुलांचं शिक्षण, दवापाणी, सणवार, म्हातारपण आणि लग्नकार्य यांसाठी आणखी 25 टक्के जोडले. महायुद्धानंतर जपानमध्ये तर वीज कामगारांच्या युनियनने 1946 साली वय, सेवा आणि घरातली खाणारी तोंडं यांवर आधारलेला पगार मिळवला. बाजारात काही नव्हतं, उपासमार होती. नगावर पगार मागण्याची ती वेळच नव्हती. जपानच्या ज्येष्ठता-पगाराला लोक संस्कृतीची देणगी समजतात. तिच्या मुळाशी रिकामी चूल होती, हे विसरलं जातं.

आता माझ्या मते सगळ्यात मोठं कारण. कामगार ज्येष्ठता का मागतात, हे मला एका दुपारी कळलं.

2003 चा सुमार. मी ज्या कारखान्यात होतो तिथे आम्ही मोठ्या उमेदीने कामगारांसाठी गुणांकन सुरू केलं होतं. पाच रकाने, प्रत्येकी दहा गुण, बेरजेवर अ, ब, क आणि त्याप्रमाणे महिन्याला थोडा फरक. फॉर्म मीच तयार केला होता. युनियनच्या कमिटीतला प्रेस शॉपचा एक माणूस दोन पगाराच्या स्लिपा घेऊन माझ्या टेबलाशी आला. एकाच मशीनवर एक पहिल्या पाळीला, दुसरा दुसऱ्या पाळीला. एकाला अ, दुसऱ्याला क. फरक 180 रुपयांचा. त्याने स्लिपा शेजारी शेजारी ठेवल्या, कोपरे जुळवले आणि म्हणाला, "साहेब, मशीन एक, डाय एक, नग सारखे. हे 180 रुपये कशाचे?" मी कपाटातून फॉर्म काढले. चार रकान्यांत एक-दोन गुणांचा फरक होता. पाचवा रकाना होता 'सहकार्याची वृत्ती'. एकाला 9, दुसऱ्याला 3. सुपरवायझरला बोलावलं. त्याने लपवलं नाही, सरळ सांगितलं, "तो ओटीला थांबत नाही." दुसऱ्या पाळीवर ओटी, म्हणजे जादा वेळ काम, केली की त्या माणसाची शेवटची बस चुकायची आणि देहूरोडपर्यंत चालत जावं लागायचं. ओटीला थांबणं ऐच्छिक आहे, असं आमच्याच नोटीस बोर्डावर लिहिलेलं होतं.

पुढच्या करारात युनियनची पहिली मागणी होती की हे गुणांकन काढा आणि तेवढेच पैसे सेवेच्या वर्षांवर वाटा. सर्व्हिस वेटेज द्या. आमचे अधिकारी चिडले, यांना कामच नको म्हणून. मला त्या दोन स्लिपा दिसत होत्या. कामावर लागल्याची तारीख हे कारखान्यातलं एकमेव माप आहे जे सुपरवायझरला बदलता येत नाही. गाववाला असो, पाहुणा असो, साहेबाच्या मुलीच्या लग्नात राबलेला असो, तारीख तीच राहते. ज्येष्ठतेला कवटाळून बसलेला कामगार बहुतेक वेळा वर्षांबद्दल बोलत नसतो. मोजणाऱ्या माणसावर त्याचा भरवसा नसतो. तुमच्या शॉपमध्ये कामगिरीवर पगार आणायचा असेल, तर आधी तुमचं माप त्या तारखेइतकं न वाकणारं करा. त्याआधी नाही.

पण म्हणून ज्येष्ठतेचा पगार न्याय्य ठरत नाही. त्याचे बळी मी तितक्याच जवळून पाहिलेत.

पहिला बळी तुमचा तो मुलगा. मशीन तेच, जबाबदारी तीच, आणि पगार साठ टक्क्यांच्या आसपास. त्याला सांगायचं काय, तर थांब, पंधरा वर्षांनी तुझी पाळी येईल. जुन्या माणसाने 2008 मध्ये हे मानलं, कारण शॉप पंधरा वर्षांनी असेल असं त्याला वाटत होतं. आजच्या मुलाला तसं वाटत नाही आणि त्याचं चूक नाही. भोसरीतली किती छोटी युनिट पंधरा वर्षांत बंद पडली, हलली, विकली गेली, ते तुम्हीच आठवा. जे वचन पाळलं जाईल याची खात्री देता येत नाही, त्याच्या भरवशावर आजचं काम स्वस्तात घेऊ नये.

दुसरा बळी बाळंतपणासाठी नोकरी सोडून पुन्हा लागलेली बाई. असेंब्ली लाइनवर अशी कित्येक. आधीची सहा वर्षं पुसली जातात आणि बोटांत मुरलेलं काम ट्रेनीच्या दरात घेतलं जातं. तिसरा आणि सगळ्यात मोठा बळी कंत्राटी कामगार. त्याला तारीखच नसते. नऊ वर्षं त्याच गेटमधून येतो, पण दर अकरा महिन्यांनी कंत्राटदार बदलतो किंवा कागद नवा होतो आणि सेवा पुन्हा एकपासून सुरू. सर्वोच्च न्यायालयाने 2016 साली जगजित सिंग यांच्या खटल्यात सरकारी हंगामी कर्मचाऱ्यांबाबत समान कामाला समान वेतनाचं तत्त्व लावलं. खासगी शॉप फ्लोअरवर ते फार झिरपलेलं मी पाहिलं नाही. ज्येष्ठतेचा अभिमान सांगणाऱ्या किती पर्मनंट कामगारांनी आणि आमच्यासारख्या किती अधिकाऱ्यांनी या माणसाची वर्षं मोजली? मी करारात बसून ती मोजली नाहीत, याची मला आज लाज वाटते.

मग तरुणांना जास्त आणि जुन्यांना कमी वाढ दिली तर? हाही प्रयोग आपल्याकडे झाला, तोही सगळ्या महाराष्ट्राच्या डोळ्यांदेखत. नोव्हेंबर 2021 मध्ये एसटीचा संप चालू असताना मूळ वेतनात वाढ जाहीर झाली: दहा वर्षांपर्यंत सेवा असलेल्यांना 5,000, दहा ते वीस वर्षांवाल्यांना 4,000 आणि वीस वर्षांच्या पुढच्यांना 2,500. नव्या चालक-वाहकांचा पगार इतका तुटपुंजा होता की त्यांना जास्त देणं बरोबरच होतं. पण वीस वर्षं स्टिअरिंग धरलेल्या माणसाला एका दिवसात नव्या माणसाशी असलेलं त्याचं अंतर 2,500 रुपयांनी कमी झालेलं दिसलं. सप्टेंबर 2024 मध्ये पुन्हा काम थांबलं तेव्हा तोडगा निघाला सगळ्यांना सरसकट 6,500 होतील असा, म्हणजे ज्यांना आधी 5,000 मिळाले होते त्यांना आणखी 1,500, चार हजारवाल्यांना 2,500 आणि अडीच हजारवाल्या जुन्यांना 4,000. जवळजवळ तीन वर्षांनी सुई होती तिथे आली. तुम्ही जुन्या-नव्यातलं अंतर एका फटक्यात कमी कराल, तर ते तुम्हाला पुढे भरून द्यावं लागेल, हे धरूनच बजेट करा.

आता नगावरचा पगार. ज्येष्ठतेचा लवलेश नसलेला, निव्वळ कामावरचा पगार कसा दिसतो हे पाहायचं तर कारखान्यात जायची गरज नाही. बीडहून ऊसतोडीला निघालेल्या गाड्या पाहा. टनावर दर. नवरा-बायको मिळून एक कोयता. विशीतल्या जोडप्याला जो दर, तोच पंचवीस हंगाम केलेल्या पन्नाशीच्या जोडप्याला. अंग थकेल तसं टनेज घटतं आणि उचल फिटत नाही. जानेवारी 2024 मध्ये तोडणीच्या दरात 34 टक्के वाढ झाली, ती संघटनेने एकत्र बसून मिळवली. एकेकट्या कोयत्याने कितीही ऊस तोडला असता तरी दर वाढला नसता. 'जेवढं काम तेवढा दाम' हे ऐकायला न्याय्य वाटतं, पण त्यात म्हातारपणाचा, पाठदुखीचा, पावसाने फड बंद राहिलेल्या दिवसाचा सगळा धोका काम करणाऱ्याच्या अंगावर असतो.

तरीही नगावरचा पगार चालतो, हेही खरं आहे. अमेरिकेत सेफलाइट नावाची गाड्यांच्या काचा बसवणारी कंपनी आहे. 1990 च्या दशकात मध्यावर तिथे तासाचा पगार बदलून काचेमागे पैसे सुरू केले. याच लेझिअरने नंतर आकडे तपासले: माणशी काम 44 टक्क्यांच्या आसपास वाढलं. त्यातली सुमारे निम्मी वाढ तीच माणसं जास्त काम करू लागल्याने आणि उरलेली चांगली माणसं टिकल्याने-आल्याने. हा आकडा मला बऱ्याच सल्लागारांनी तोंडावर फेकला आहे. ते पुढचं सांगत नाहीत. काच एक माणूस एकटा बसवतो, म्हणजे कुणी किती केलं यावर वाद नाही. काच नीट बसली नाही तर ती त्याच माणसाला फुकट पुन्हा बसवावी लागे, म्हणजे घाईत बिघडवून फायदा नाही. आणि काम कमी आलं तरी तासाचा किमान पगार ठरलेला होता. या तिन्ही गोष्टी तुमच्या शॉपमध्ये आहेत का? तुमचा नग टर्निंगहून व्हीएमसीला जातो, तिथून डिबरिंगला, मग इन्स्पेक्शनला. टूल वेळेवर आलं का, कास्टिंगमध्ये ब्लो होल होतं का, एमएसईबीची लाइट गेली का, यातलं काहीच त्या मुलाच्या हातात नाही.

आणि मालक म्हणून तुम्ही दर खाली आणणार नाही, याची हमी कोण देणार? माझ्या दुसऱ्या एका नोकरीत बुशच्या लाइनवर इन्सेंटिव्ह होता. पाळीला 320 नग स्टँडर्ड, त्यापुढच्या प्रत्येक नगाला पैसे. रोज आकडा यायचा 350 ते 355. कधी 400 नाही, कधी 330 नाही. एका रात्री राउंडला गेलो तर टर्निंग सेक्शनमागे कॉटन वेस्टच्या पोत्याखाली एक क्रेट दिसला. उघडला. 140 बुश, तेल लावून, गंज चढू नये म्हणून वर्तमानपत्रात ओळीने गुंडाळलेले. इतकी नीट पॅकिंग आमच्या डिस्पॅचलाही होत नसे. ऑपरेटर शेजारी उभा होता, घाबरला नाही. म्हणाला, "आज सगळे दिले तर उद्या तुम्ही स्टँडर्ड 460 कराल. आणि परवा इन्सर्ट मिळाला नाही तर माझे पैसे कोण देणार?" मी रेकॉर्ड पाहिलं. दोन वर्षांपूर्वी मशीन तेच असताना आमच्याच इंजिनिअरिंग खात्याने स्टँडर्ड 280 वरून 320 वर नेलं होतं. माणसाने जास्त केलं म्हणून दर घटवला गेला होता. त्यानंतर त्याने शिकलेली गोष्ट म्हणजे तो क्रेट. मी त्याच्यावर मेमो काढला नाही. स्टँडर्ड तीन वर्षांसाठी लेखी बांधून घेतलं, बिघाडाची मिनिटं वेगळी मोजायला लावली. चार महिन्यांत आकडा 410 ला गेला.

एकट्याऐवजी सगळ्यांच्या कामावर पैसे द्यावेत, तर गट किती मोठा यावर सगळं अवलंबून आहे. रेल्वेचा उत्पादकतेशी जोडलेला बोनस पाहा. 78 दिवसांचा पगार, पण महिना 7,000 च्या मर्यादेने मोजलेला, म्हणजे जास्तीत जास्त 17,951 रुपये. दसऱ्याआधी लाखो घरांत तो येतो, त्या घरांना तो हवाच असतो आणि मिळालाच पाहिजे. पण मनमाडच्या ट्रॅकमनने आज स्लीपर जास्त घट्ट बसवले म्हणून तो वाढेल, असं त्याला वाटण्याचं कारण नाही. हात आणि पैसा यांच्यामधली दोरी तिथे फार लांब झाली आहे. तुमच्याकडे साठच माणसं आहेत. आठ ते बारा जणांची लाइन हा योग्य गट, कारण शेजारी काय करतो ते प्रत्येकाला दिसतं आणि अडलेल्याला हात देण्यात प्रत्येकाचा फायदा असतो.

आता तुमच्या शॉपमध्ये मी काय करीन ते सांगतो.

पगाराचा पाया कौशल्याच्या ग्रेडवर ठेवा. चार ग्रेड पुरे: शिकाऊ, ऑपरेटर, स्वतः सेटिंग करणारा आणि प्रोग्रॅम दुरुस्त करून दुसऱ्यांना शिकवणारा. कुठल्या ग्रेडला काय यायला हवं ते भिंतीवर मोठ्या तक्त्यात लावा. 'वृत्ती', 'निष्ठा', 'सहकार्य' असले शब्द त्यात येऊ देऊ नका. "ड्रॉइंग वाचून ऑफसेट स्वतः घेतो, पहिला नग टॉलरन्समध्ये काढतो" असं लिहा. दर सहा महिन्यांनी परीक्षा, मशीनवरच. तपासायला तिघं: दुसऱ्या लाइनचा सेटर, क्वालिटीचा माणूस आणि कामगारांनी निवडलेला एक. निकाल त्याच दिवशी बोर्डावर. पहिल्या एक-दोन परीक्षांना तुम्ही स्वतः उभे राहा, पण गुण देऊ नका.

ग्रेडच्या आत वार्षिक इन्क्रिमेंट चालू ठेवा, मात्र टक्क्यांत देऊ नका. सगळ्यांना सारखे रुपये द्या. टक्केवारीने दरी आपोआप रुंदावते. समजा वर्षाला 600 रुपये, आणि एक ग्रेड वर गेल्याला 3,000. म्हणजे एक कौशल्य शिकणं पाच वर्षं थांबण्याइतकं मोलाचं झालं. माझा अनुभव असा की व्हीएमसीच्या उत्पादनात पाच-सहा वर्षांत माणूस तयार होतो, त्यानंतर नुसत्या वर्षांनी हात फार सुधारत नाही. टूलरूममध्ये तसं नाही. तिथे पंधराव्या वर्षीही माणूस नवीन शिकत असतो, म्हणून टूलरूमचं इन्क्रिमेंट थोडं जास्त ठेवलं तरी चालेल.

तुमच्या हिशोबात मांडून पाहा. दोघांच्या सेवेत 14 वर्षांचं अंतर, 600 प्रमाणे 8,400 झाले. आजचा फरक 13,500 आहे. उरलेल्या 5,100 मागे जुन्या माणसाचं काहीतरी जास्तीचं काम असेल, तर ते परीक्षेत दिसेल. नसेल तर ती रक्कम पर्सनल पे म्हणून वेगळी दाखवा. ती कमी करू नका, त्याचं इन्क्रिमेंटही थांबवू नका. फक्त पुढे येणाऱ्या नव्या माणसाला ती आपोआप मिळणार नाही. तुमचं जुनं वचन पाळलं जाईल आणि नवं चुकीचं वचन दिलं जाणार नाही.

लाइनचा इन्सेंटिव्ह त्यावर हळूहळू आणा, वर्षभराने. ग्राहकाने स्वीकारलेल्या नगांवर, काढलेल्या नगांवर नव्हे. स्टँडर्ड तीन वर्षं बांधलेलं, मशीन किंवा फिक्श्चर बदललं तरच बदलणार. पगाराच्या दहा टक्क्यांच्या वर जाऊ देऊ नका, नाहीतर घरचा हप्ता त्यावर काढला जातो आणि एक वाईट महिना आला की माणूस बोट मशीनमध्ये घालेपर्यंत घाई करतो. हे मी घाबरवायला लिहीत नाही. सेफ्टी गार्ड काढून चालवलेल्या प्रेसवरचे अपघात मी हाताळले आहेत.

एक व्यवहारातली गोष्ट, जी सल्लागार विसरतात. तुमच्या मुलाचे 19,500 चे 22,500 झाले की तो ईएसआयच्या, म्हणजे कामगार राज्य विमा योजनेच्या, 21,000 च्या मर्यादेबाहेर जाईल. चालू अंशदान कालावधी संपेपर्यंत, म्हणजे मार्च किंवा सप्टेंबरअखेर, अंशदान चालू राहील आणि संरक्षण त्याला जोडलेला लाभ कालावधी संपेपर्यंत, पुढे नाही. त्याचे आई-वडील त्याच्यावर अवलंबून असतील आणि ईएसआयच्या दवाखान्यात औषधं घेत असतील, तर त्याच्या घरात ही पगारवाढ तोट्याची ठरू शकते. तुमचे वाचणारे 3.25 टक्के त्याच्या आरोग्य विम्यात घाला आणि पत्रात तसं लिहा.

कायद्याची बाजू: पगाराची रचना बदलून कुणाचं नुकसान होणार असेल तर 21 दिवसांची नोटीस लागते. औद्योगिक विवाद कायद्यात ते कलम 9-अ होतं, औद्योगिक संबंध संहिता 2020 मध्ये कलम 40 आहे. युनियन असेल तर लेखी करार करा. नसेल तरी कामगारांमधून पाच जण निवडायला सांगा आणि त्यांच्यासोबत बसा. तुमच्याकडे कंत्राटदाराकडून आलेली दहा-बारा माणसं असणारच. त्यांनाही त्याच परीक्षेला बसू द्या, पास झाल्यास त्याच ग्रेडचा दर द्या आणि गेटमधून पहिल्यांदा आले ती तारीख रजिस्टरमध्ये लिहून ठेवा. यात खर्च आहे, तो मान्य करा. व्हीएमसीवर नवा माणूस रुळायलाच तीन महिने लागतात. त्या काळातलं रिजेक्शन आणि मोडलेली टूल यांचा आकडा तुमच्या अकाउंटंटना काढायला सांगा, मग या खर्चाशी ताडून पाहा.

शेवटचं, क्रमाबद्दल. मुलाला वाढीचं पत्र देण्याआधी जुन्यांना बोलवा. स्लिप कँटीनमध्ये दुसऱ्या दिवशी सगळ्यांना दिसतेच. त्यांना तुमच्या तोंडून कळू द्या की तुमचा एक रुपयाही कमी होणार नाही, इन्क्रिमेंट चालू आहे आणि परीक्षा तुम्हालाही खुली आहे. 17 वर्षंवाल्या तुमच्या ऑपरेटरला पहिल्या परीक्षेला तपासणारा म्हणून बसवता येईल का, ते पाहा. तो दुसऱ्या लाइनवरचा असेल तर नियमात बसतं. मग मुलाला बोलवा, पत्र द्या आणि चौथ्या ग्रेडची तारीख त्याच्याकडूनच लिहून घ्या.